केदारखेड्यात बुडालेली टिटवी

पाणी : होडीच्या नाकापर्यंत

मांडव्यापासून हर्णैपर्यंत अरबी समुद्राला जे जमलं नाही, ते केदारखेड्याच्या शेततळ्यानं करून दाखवलं. 'टिटवी' बुडाली.

पूर्ण बुडाली असती तर एक वेळ बरं. पण तिचं पिवळं नाक तेवढं पाण्याबाहेर राहिलं होतं आणि त्यावर एक बगळा बसला होता. कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून तिघंजण त्या नाकाकडे बघत होते. होडीचा मालक अंगद, त्याची बायको रेणुका, आणि रेणुकाचे वडील काकासाहेब. शेत काकासाहेबांचं, तळं काकासाहेबांचं, आणि दिसायला तरी बगळाही त्यांचाच.

"मामा, तळं कोरडं होतं ना?" अंगदनं सासऱ्याला विचारलं.

"कोरडंच हाय," काकासाहेब सवयीनं म्हणाले. मग पाण्याकडे बघून त्यांनी टोपी काढली. "म्हंजी होतं."

"मग एवढं पाणी?"

काकासाहेबांनी वर बघितलं. आभाळ घासूनपुसून ठेवलेल्या परातीसारखं मोकळं होतं. दसरा होऊन गेला तरी ओढ्यात पाय ओला होईल इतकंसुद्धा पाणी यंदा आलं नव्हतं. अशा वर्षी पाणी चोरीला गेल्याची तक्रार होते. कोणी परस्पर पाणी आणून ठेवून गेल्याची तक्रार कशी लिहायची, हे कोणत्या ठाण्याला माहीत असणार?

रेणुकानं कुंपणाच्या दाराचं कुलूप हातात घेऊन पाहिलं. शाबूत होतं. जाळी शाबूत होती. दाराशी, आतल्या बाजूला, होडीवरची निळी ताडपत्री घडी करून ठेवली होती आणि ती उडू नये म्हणून वर दगड होता.

"आबा, कुलपाची किल्ली?"

"घरात. खुंटीला."

"तुम्ही कुठं होता?"

"टेंभुर्णीला. सोयरिकीला गेल्तो. काल दिवस मावळता आलो, तळ्याकडं फिरकलोबी न्हाई." काकासाहेबांनी टोपी परत घातली आणि बांधापलीकडच्या शेताकडे बोट केलं. "विचारायचं काय त्यात? हे काम राधाकिसनचं! आधी त्याच्या शेळ्यांनी तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाडला. आता होडी बुडवली."

"राधाकिसनकाका कुंपणात शिरले कसे?" रेणुकानं विचारलं.

"ते मला काय म्हाईत? पण एक ऐक. कोणी बुडवली, काहून बुडवली, हे कळल्याबिगर माझी लेक त्या होडीत पाय ठेवणार न्हाई. ज्यानं इथं बुडवली तो तिथंबी बुडवंल."

रेणुकाची रजा मंजूर होती. परवा निघायचं होतं. आणि गेली तीन वर्षं ती ज्या एका गोष्टीची वाट बघत होती, ती आत्ता तळ्याच्या तळाशी बसून होती.

पाणी : तेवढंच

ती होडी इथं का होती, ते एकदा सांगितलं पाहिजे.

अंगद जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत होता. त्याला सुट्टी तुकड्यातुकड्यानं मिळायची, म्हणून समुद्रही तो तुकड्यातुकड्यानं पार करत होता. मुंबईच्या एका माणसाकडून त्यानं जुनी, दोन माणसांची शिडाची होडी घेतली होती. पहिल्या सुट्टीत मांडवा ते मुरूड. होडी तिथं सोडून परत जालना. पुढच्या सुट्टीत मुरूड ते श्रीवर्धन. होडी सोडून पुन्हा जालना. असं करत जमलं तर एक दिवस वेंगुर्ल्याला पोचायचं होतं.

"होडी चालवणं काहीच न्हाई," तो कोणालाही सांगायचा. "होडी सोडून येणं अवघड."

मुरूडला त्यानं ती एका कोळ्याच्या अंगणात सोडली, श्रीवर्धनला नारळाच्या वाडीत. प्रत्येक ठिकाणी तो तिला असं ठेवायचा की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी वसतिगृहात सोडून चाललाय. शीड काढून गाडीत, सुकाणू काढून गाडीत, डोलकाठी आडवी. नाक उंच, बूड खाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुडाशी जे भोक असतं त्याचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही, आपोआप निघून जातं. पाण्यात उतरवायच्या आधी बूच घालायचं. जमिनीवर असताना काढायचं. ते रबरी बूच अंगदच्या किल्ल्यांच्या जुडग्यालाच असे. मोटारसायकल चालू करताना ते ढोपराला लागायचं.

हर्णैपर्यंत त्याच्यासोबत त्याचा मित्र वसंता होता. हर्णैला पोचेपर्यंत वसंताला इतक्या उलट्या झाल्या की त्यानं उतरल्यावर समुद्राला हात जोडले आणि बसनं जालन्याला निघून गेला. रेणुका या सगळ्या काळात गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं जायची आणि पुढच्या गावात डबा घेऊन उभी राहायची. आता वसंताची जागा रिकामी झाली होती. हर्णै ते जयगड ती स्वतः बसणार होती.

पण मध्ये पावसाळा आला. कोकणात पावसाळाभर होडी कुठं ठेवायची? अंगदनं विचार केला, आणि विचार चुकीचा होता असं अजूनही कोणी म्हणणार नाही : ज्या ठिकाणी पाऊसच पडत नाही तिथं ठेवावी. रेणुकाच्या माहेरी तळं होतं. त्याचा प्लास्टिकचा कागद फाटल्यापासून त्यात पाणी टिकलं नव्हतं. भोवती कुंपण, दाराला कुलूप, खड्ड्यात असल्यामुळं वारा नाही. मे महिन्यात त्यानं होडी ट्रॅक्टरनं तळ्याच्या तळाशी उतरवली आणि काठावर सगळ्यांना उभं करून बुचावर तासभर भाषण दिलं. बूच हातात धरून दाखवलं. काकासाहेब होते, मेहुणा बबलू होता, रस्त्यानं चाललेल्या दोन मजूर बायाही थांबल्या होत्या.

जगात होडी ठेवायला यापेक्षा सुरक्षित जागा नाही, असं तो म्हणाला होता.

पाणी : एक वीत खाली

सकाळपासून पाणी एक वीत उतरलं होतं. म्हणजे तळं अजून गळत होतं, पण सावकाश.

"फाटका कागद एवढं पाणी धरतो कसा?" रेणुका म्हणाली. भोकरदनला भूमी अभिलेखच्या कार्यालयात ती मोजणीला होती. बांधावरून भांडणाऱ्या माणसांमध्ये दिवसभर उभं राहायचं आणि कोण काय सांगत नाहीये ते ऐकायचं, हाच तिचा धंदा होता. तिनं एक बांबू घेतला आणि काठाशी तळ चाचपला. बांबूला काहीतरी अडकलं. तिनं ते वर ओढलं.

पाण्यातून एक चेहरा वर आला. गोरापान, हसरा, काळा चष्मा लावलेला. दोन्ही हात जोडलेले.

"अगं बया!" काकासाहेब मागे सरकले.

चेहऱ्याखाली लिहिलं होतं : भावी सरपंच यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

रेणुकानं आणखी ओढलं. भावी सरपंचाच्या शेजारी भावी सभापती होता, त्याच्या खाली कोणाचा तरी पहिलीत गेलेला नातू. चौकातले सगळे फ्लेक्स तळ्याच्या तळाला, एकमेकांवर कडा चढवून, नीट अंथरले होते.

"बबलूला बोलवा," ती म्हणाली.

बबलू चड्डीवर आला. पाणी त्याच्या गळ्याला लागलं. तो होडीच्या नाकाला धरून पुढे सरकला, आत हात घातला आणि किंचाळला.

"ताई! आत कोणतरी बसलंय!"

पाणी : एक वीत खाली, पण कोणी बघत नव्हतं

दोघं बसले होते.

पाणी : दीड वीत खाली

दोन पोती होती. आत ओली माती. एक मोठं, होडीच्या मागच्या बाकावर, जिथं अंगद बसतो तिथं. एक लहान, पुढच्या बाकावर. दोन्ही उभी, बाकाला सुतळीनं बांधलेली, तोंडं एकमेकांकडे. मोठ्या पोत्याखाली गोधडीची चौपदरी घडी होती. लहान पोत्याखाली नुसतं बाक.

काकासाहेबांनी ते पाहिलं. "भानामती. एक मोठं, एक लहान. जावईबापू आन् रेणुका. बुडवून दाखवलंय. मी आत्ताच्या आत्ता भोकरदनला जातो. राधाकिसनवर केस घालतो."

"आबा, दिवसभर थांबा."

"काहून?"

"करणी करणारा माणूस गोधडी घालत न्हाई."

काकासाहेबांना हे पटलं नाही, पण ते थांबले. थांबायचं मुख्य कारण म्हणजे ट्रॅक्टरमध्ये डिझेल नव्हतं.

रेणुकानं ती भिजलेली गोधडी पिळली आणि कुंपणावर वाळत टाकली. हिरवी, लाल काठाची. ती तिला ओळखीची होती.

पाणी : दोन वीत खाली. बबलू सांगतो

(रेणुकाचे प्रश्न इथं दिलेले नाहीत. कानात गाणं असताना बबलूला तरी ते कुठं नीट ऐकू येत होते?)

"आधी मीच? कायबी झालं की आधी मीच का?... फ्लेक्स? कोणते फ्लेक्स?... हां, ते. मी काढले. पण चोरले न्हाई हां. सगळ्यांचे वाढदिवस होऊन गेल्ते. शिळ्या शुभेच्छा होत्या... मायनं सांगितलं. सोयाबीन झाकायला पाहिजे म्हनली. जेवढे मिळतील तेवढे आण... हौ, मी तिलाच दिले... सोयाबीन? ते तर आबांनी मागंच इकलं... थांब थांब. मंग झाकलं काय?

"मला काय म्हाईत, ताई! माय म्हनली आण, मी आणले. मायला कोण इचारतं?... परवा मी? दिवसभर जालन्यात होतो. मोबाईलची काच बदलायला... ताडपत्रीची घडी मी करीन? ताई, माझ्या अंगावरचा शर्ट पहाय एकदा."

पाणी : दोन वीत खाली. राधाकिसन सांगतो

"ये पोरी. बस. इकडं सरकून बस, तिथून तुझ्या बापाची हद्द सुरू होती. म्हंजी तो म्हनतो. तू मोजणीवाली, तुला तर म्हाईतच हाय... चहा घे... पाणी? कोणतं पाणी?... विहीर दोन हात उतरली? उन्हानं उतरली असंल... उन्हानं दोन हात न्हाई उतरत? मंग कापसाला दिलं... कापसाखाली माती कोरडी हाय? लई बारीक नजर हाय तुही, अगदी आज्जीवर गेलीस.

"आता ऐक. मी कायबी केलं न्हाई, आन् जे केलं ते सांगणार न्हाई. तुझ्या बापाचं आन् माझं भांडण जुनं हाय. गावात त्याला किंमत हाय. दोघं चौकात आलो की लोक चहा सोडून बघतात. आता समज, मी त्याच्या तळ्यात पाणी सोडलं असं बाहेर आलं. तर मंग? मंग तो 'राम राम' म्हनंल. मला 'राम राम' म्हनावं लागंल. सगळा सत्यानाश... हौ, शेळ्या माझ्याच होत्या. कागद माझ्याच शेळ्यांनी फाडला. पण ते त्याच्यापुढं बिलकुल कबूल करणार न्हाई. म्हनून मनाला जरा टोचत होतं. कोणी येऊन म्हनलं, भाऊ, तेवढं तळं भरून द्या, काहून ते इचारू नका, तर माणूस न्हाई कसं म्हनंल?... कोण ते इचारू नको. मी शब्द दिलाय. वहिनीला शब्द दिलाय म्हनल्यावर... 

"वहिनी म्हनलो का मी? न्हाई म्हनलो. चहा घे."

पाणी : छातीशी

सोनूबाई राधाकिसनच्या कापसात वेचणीला होती. तिला प्रश्न विचारायची गरज पडली नाही. ती रेणुकाला बघूनच सुरू झाली.

"रेणे, तुझ्या मायला काय झालंय गं? बरी हाय ना? परवा मी हितंच येचत होते. तुझी माय कुंपणात, होडीपाशी. माती भरून पोती लावली. मी म्हनलं, हात लावू का? तर म्हनली, नको, माझं मी बघते. बरं. मंग मोठं पोतं बाकावर बसवलं, आन् काय केलं ठाव हाय? पदर घेतला."

"पदर?"

"असा! कपाळाच्या खाली. नाकापर्यंत. मी इकडंतिकडं बघितलं, म्हनलं कोण पाव्हणं आलं? आडवंउभं कुत्रं न्हाई. नुसतं पोतं. आन् पोत्याकडं पाठ करून गोधडी सारली त्याच्याखाली, अशी मागं हात करून. पुढं लहान पोतं बांधताना बराबर नीट, पदर मागं सारून, तोंड उघडं ठेवून बांधलं. म्हनून म्हनते, उन्हाचं काय झालं का तिला?"

रेणुका उभ्या उभ्या हसायला लागली. मग हसता हसता तिनं तोंडावर हात धरला, कारण तिला कळलं होतं की हे हसण्यासारखं नाही.

पाणी : छातीच्या जरा खाली

दुपारी चारला तळ्याच्या काठावर सगळे जमले. रेणुकानं जमवले. काकासाहेब कुंपणाच्या खांबाला टेकून. बबलू टायरवर. राधाकिसन त्याच्या बांधावर, म्हणजे तो म्हणतो त्याच्या बांधावर, पाठ करून, योगायोगानं तिथं असल्यासारखा. अंगद होडीच्या नाकाकडे बघत. आणि सगळ्यांच्या मागं, बाभळीच्या आडोशाला, रेणुकाची आई पुष्पाबाई. तिचा पदर कपाळाखाली होता, कारण जावई समोर होता.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत पुष्पाबाई अंगदशी एक शब्द बोलली नव्हती. रुसवा वगैरे काही नाही. तिची आई जावयाशी, म्हणजे काकासाहेबांशी, बोलली नव्हती, तिची आजी तिच्या बापाशी बोलली नव्हती. जावई ओसरीवर असला की ती स्वयंपाकघराच्या दारामागून भिंतीला सांगायची, "आणखी भाकरी घ्या म्हनावं." भिंत ते अंगदला कळवायची. अंगदनं सुरुवातीला पुष्कळ प्रयत्न केले, मग तोही भिंतीशी बोलायला लागला.

"होडी कोणी बुडवली न्हाई," रेणुका म्हणाली.

"मंग ही काय पवतीय?" काकासाहेब म्हणाले.

"आबा, बुडवायची असती तर दगड टाकले असते. पोती बाकावर बसवून, बांधून कोण बुडवतं? आणि बुडवायच्या आधी ताडपत्रीची घडी करून वर दगड ठेवतं? हे माणूस होडी तरंगवून बघत होतं. एक पोतं ह्यांच्याएवढं, एक माझ्याएवढं. आम्ही दोघं बसल्यावर होडी वर राहते का, एवढंच बघायचं होतं."

"मंग राह्यली का न्हाई?"

"बूच नव्हतं." अंगद एकदम म्हणाला. त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या. रबरी बूच तिथंच लोंबत होतं. "बूच माझ्याकडं होतं. भोकातून पाणी आत आलं. ती तरंगलीच नसणार. जागच्या जागी भरत गेली."

"आता बघा," रेणुका म्हणाली. "बुचाचं कोणाकोणाला माहीत होतं? मे महिन्यात ह्यांनी इथं भाषण दिलं. आबा होते. बबलू होता..."

"मी होतो, पण गाणं ऐकत होतो," बबलू म्हणाला.

"तू होतास. आणि ज्याला माहीत नव्हतं, त्याला विचारता आलं असतं. आबांना शंका आली असती तर त्यांनी सरळ विचारलं असतं, जावईबापू, ही बुडती का? बबलूनं विचारलं असतं. कोणीही विचारलं असतं. विचारता येतं तो माणूस चौकातले फ्लेक्स गोळा करून तळं कशाला भरून घेईल? ह्या घरात एकच माणूस आहे, जे ह्यांना विचारू शकत न्हाई. आणि ज्या दिवशी बुचाचं भाषण झालं त्या दिवशी ते माणूस इथं आलं न्हाई. कारण भाषण जावयाचं होतं."

कोणीच मागं वळून बघितलं नाही. बघायचं नसतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त बगळा बघत होता.

"परवा ते माणूस पोत्यासमोर पदर घेऊन उभं होतं," रेणुका हळू म्हणाली. "त्याला जावई मानून. त्याच्याखाली पाव्हण्यांची गोधडी घातली. माझ्याखाली काहीच न्हाई."

"तुला कशाला गोधडी?" बाभळीमागून आवाज आला. "तू घरचीच."

पाणी : छातीच्या बरंच खाली. पुष्पाबाई बाभळीला सांगते

"इचारायचं कोणाला? तुझ्या आबाला इचारलं. म्हनले, तिला इंजिन न्हाई का कायबी न्हाई, वाऱ्यावर चालती. वाऱ्यावर! म्हनलं, वारा थांबला तर? म्हनले, मंग थांबती. म्हनलं, बुडती का? म्हनले, मला काय म्हाईत, मी बसलो का कधी?

"तुला इचारलं. तू म्हनलीस, माय, काही होत न्हाई. तू लग्नाच्या आधीबी प्रत्येक गोष्टीला असंच म्हनायचीस. मंग मी काय करू? पोरगी वाऱ्यावर सोडून द्यायची? नवी घागरसुद्धा आणली की आपून पाणी भरून बघतो, गळती का. मी म्हनलं, बघावं.

"सकाळपासून काठावर बसले. पाणी चढायला लागलं. मला वाटलं, आता उठंल. आता उठंल. पाणी बाकापाशी आलं. ती उठलीच न्हाई. पोतं भिजलं. तुझं पोतं... लहान हाय ते. ते आधी गेलं पाण्याखाली. मी तिथून उठले आन् घरी आले. कोणाला काय सांगू? होडी तुमची, पाणी..." ती थांबली. "पाणी कुठून तरी आलेलं."

बांधावर राधाकिसन खोकला.

काकासाहेब त्याच्या विहिरीपासून तळ्यापर्यंत कापसात लपवलेल्या काळ्या पाइपाकडे बराच वेळ बघत राहिले. नंतर ते बांधापर्यंत चालत गेले. राधाकिसन उठून उभा राहिला. दोघं समोरासमोर आले. सगळ्यांना धडकी भरली, राधाकिसनला जरा जास्तच.

"बांध माझाच हाय," काकासाहेब म्हणाले.

"कोण म्हनतं?" राधाकिसनचा चेहरा उजळला.

पाणी : कमरेशी

ट्रॅक्टरला डिझेल आलं. दोर लावून होडी काठावर ओढली, पोती सोडून खाली घेतली. बुडाच्या भोकातून पाणी जातंय तोवर अंगदनं तिच्या सगळ्या अंगावरून हात फिरवला. कुठंच तडा नव्हता. मग त्यानं किल्ल्यांच्या जुडग्यातून बूच सोडवलं, भोकात घातलं आणि पिळलं. काकासाहेबांनीही एकदा पिळलं. बबलूनंही.

पुष्पाबाई कुंपणाच्या दारात आली होती. "पाण्यात पाहिल्याबिगर मी न्हाई म्हनते म्हनावं," ती खांबाला म्हणाली.

"मी बसते, माय," रेणुका म्हणाली.

"तू बिलकुल बसू नको! तुझ्या जागी मी बसते."

होडी पाण्यात ढकलली. ती जराशी हलली आणि तरंगली, इतकी सहज की अंगदला भरून आलं. त्यानं मागचं बाक धरलं. पुष्पाबाई लुगडं सावरत, बबलूचा हात धरून पुढच्या बाकावर बसली. जावयाकडे पाठ करून. मग होडी एका बाजूला कलली आणि तिला कळलं की पाठ करून बसलं तर वजन बराबर पडत नाही. ती वळली. आठ वर्षांत पहिल्यांदा दोघं समोरासमोर बसले होते आणि मधे भिंत नव्हती.

एक दोर काकासाहेबांनी धरला, समोरच्या काठाचा राधाकिसननं. 

"ढील सोडा!" 

"तुमीच सोडा!"

होडी तळ्याच्या मधे गेली. वारा नव्हता. ती कुठंच जात नव्हती. खालून भावी सरपंच हात जोडून वर बघत होता. काठावर रेणुका ओठ दाबून उभी होती. आता जे व्हायचं ते त्या दोन बाकांच्या मधे होणार होतं आणि तिथं तिला काही करता येणार नव्हतं.

पुष्पाबाईनं पाण्यात हात घातला. होडीच्या कडेला थापटलं. एकदा उजवीकडे वजन टाकलं, एकदा डावीकडे. होडी हलायची आणि परत सरळ व्हायची. तिनं दोनदा मान हलवली. मग तिनं पदर थोडा मागं घेतला. 

"जावईबापू," ती म्हणाली.

अंगदनं मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. 

"जी?"

"तुमाला पवता येतं का?"

राधाकिसनच्या हातातला दोर ताठ झाला. अंगदनं काठावर बघितलं. रेणुकानं नजर दुसरीकडे वळवली.

"न्हाई," अंगद म्हणाला.

"थोडं?"

"बिलकुल न्हाई. पण जाकीट असतं, मामी. अंगात जाकीट असतं, त्यानं माणूस..."

"मांडव्यापासून हर्णैपर्यंत," पुष्पाबाई म्हणाली, "तुमी असेच आलात? पवता न येता?"

"हो."

तिनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. आठ वर्षांचं बघायचं राहिलं होतं. मग ती काठाकडे वळली आणि तिचा आवाज अख्ख्या शिवारात गेला.

"रेणे! बॅग भर!"

"कोणाची?" काकासाहेब ओरडले. "आगं, पण आत्ताच तर म्हनत होतीस..."

"तिची. ह्यांना एकट्याला समुद्रात सोडायचं का? उद्या काय झालं तर लोकांना तोंड काय दाखवू? पोरीला मी राधाकिसनभाऊच्या विहिरीत दोर बांधून पवायला शिकवलंय, वरून उडी मारती ती. तिला संगं जाऊ द्या." ती परत वळली, पदर खांद्यावर टाकला आणि जावयाकडे बोट केलं. "आन् तुमी. मधी बसा. हलू नका."